काकांचे खोटे पोलीस

सुरुवातीलाच माफी मागते. एखाद्या माणसावर लिहायचं तर तो माणूस पुरता कळलेला असावा आणि हातात भाषा असावी, असं आमच्या मराठीच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं. माझ्याकडे दोन्ही थोडंथोडंच आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे हे कसं लिहितात ते घरी कुणाला विचारताही येत नाही. आणि ज्यांच्यावर लिहिते आहे ते आमचे नातेवाईक नाहीत, घरमालक होते. कॉलेजच्या अंकासाठी कुणी आजोबांवर लिहिलं आहे, कुणी गावच्या डॉक्टरांवर. तुमच्यावर लिहू का, असं मी काकांनाच फोन करून विचारलं. ते म्हणाले, "लिही की. पण नाव नको घालू. नाव घातलंस तर कोणतरी ओळखील, आणि ओळखल्यावर काय होतं ते मी बघितलंय."

म्हणून नाव नाही. नुसते काका.

वसईला लागून होळी नावाचं गाव आहे. तिथे काकांची वाडी. सोनचाफा, केळी, थोडी पानवेल आणि मध्ये गोड्या पाण्याचं एक तळं. अशा तळ्याला इकडे बावखल म्हणतात. वाडीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, त्यांत आम्ही भाड्याने राहायचो. पप्पा वॉचमन. आई काकांच्याच वाडीत चाफ्याच्या कळ्या खुडून पिशव्यांत भरायची. आई परभणीकडची, ती काकांना "मालक" म्हणायची. काका मला "कॉलेज" म्हणायचे. मी अकरावीत होते तेव्हापासून. "ए कॉलेज, हा मेसेज वाच जरा." "कॉलेज, तुझ्या आईला सांग, मोटर लावलीय, कपडे धुऊन घे." काका आणि काकी आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे. ती मला अर्धीच कळायची. भांडण मात्र पूर्ण कळायचं.

काकांच्या घरात सगळं केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीच्या, दोऱ्याने बांधलेलं असायचं. चष्म्याची काडी, सायकलचा मडगार्ड, दाराची कडी. टीव्हीचा रिमोटसुद्धा खुर्चीच्या हाताला बांधलेला, त्यामुळे चॅनेल बदलायचा तर काकांच्या मांडीवरूनच हात घालावा लागे. काकी म्हणायच्या, "एक दिवस मला पण बांधील."

कुठलीही अडचण सांगितली की काकांचं उत्तर ठरलेलं: "बघू. आधी पाणी सोडू." आमचा गॅस संपला, पप्पांना ताप आला, माझं अ‍ॅडमिशन अडकलं, तरी आधी पाणी. मग ते फावडं घेऊन वाफ्यांत जायचे, एकेक पाट फोडायचे, आणि पाणी शेवटच्या केळीपर्यंत पोचलं की पाय धुऊन येऊन विचारायचे, "हां, काय म्हणत होतीस?" माझ्या अ‍ॅडमिशनसाठी ते माझ्याबरोबर कॉलेजात आले तेव्हा त्यांच्या पायाला चिखल तसाच होता. खिडकीवरच्या बाईंनी "वडील का?" असं विचारलं. काका म्हणाले, "नाय, मालक." बाई माझ्याकडे घाबरून बघायला लागल्या.

जी केळ नुसती वाढायची आणि घड द्यायची नाही, तिला ते "इन्स्पेक्टर" म्हणायचे. "हा बघ इन्स्पेक्टर. अंग केवढं, काम काय नाय." पोलिसांचं आणि त्यांचं काहीतरी आहे हे आम्हाला तेवढ्यावरून कळायला हवं होतं. बाजारात जाताना वाटेत पोलीस चौकी लागते. काका तिथे आलं की सायकलवरून उतरायचे, रस्ता ओलांडून पलीकडून चालत जायचे आणि चौकी मागे पडली की पुन्हा इकडे यायचे. मी एकदा विचारलं. म्हणाले, "तिथे ऊन लागतं." आभाळ भरून आलेलं होतं.

संध्याकाळी मात्र ते टीव्हीवर पोलीसच बघायचे. एका ड्रग्ज विकणाऱ्या टोळीमागे पोलीस लागलेत, अशी एक मालिका होती. इन्स्पेक्टर बाई होती. आमच्याकडे टीव्ही नव्हता, म्हणून मी आणि आईही जायचो. सगळं घर बाईच्या बाजूने, काका एकटे चोरांच्या बाजूने. "अरे मागनं जा, मागनं! पुढे जीप हाय!" असं ओरडायचे. पकडायची वेळ आली की उठून मोटर बघायला जायचे. मोटर बंद असली तरी. परत येऊन दारातूनच विचारायचे, "धरला काय?" धरला म्हटलं की त्या दिवशी जेवणात लक्ष नसायचं. सुटला म्हटलं की दुसऱ्यांदा भात घ्यायचे.

आई मला घरी येऊन म्हणायची, "मालकाचं काही खरं नाही बाई. चोराची कुणाला इतकी माया असती का?"

त्याच मालिकेची माणसं एक दिवस वाडीत आली. नायगावला एका गाळ्यात त्यांनी पोलीस ठाण्याचा सेट लावला होता. आता टोळीचा अड्डा दाखवायला त्यांना झाडीतलं जुनं घर हवं होतं. काकांच्या वाडीत चाफा भरायची एक खोली होती, कौलारू, एका बाजूने पानवेल चढलेली. त्यांचा सेट लावणारा आर्टवाला दादा तिला चारी बाजूंनी बघून म्हणाला, "भारी आहे यार, एकदम क्रिमिनल लूक."

काकी सरळ नाही म्हणाल्या. लक्ष्मीच्या फुलांची खोली आहे, तिथे असले धंदे दाखवायचे नाहीत. काका खोलीची कडी चाचपत उभे होते. मग त्यांनी दादाला विचारलं, "ही मालिका कुठे कुठे दिसते?"

"कुठेपण काका. टीव्हीवर, मोबाइलवर. गुजरातपर्यंत बघतात लोक."

"मग घ्या खोली," काका म्हणाले, आणि पाणी सोडायला निघून गेले.

शूटिंग सुरू झाल्यावर अंबाडीचा प्रकार घडला. आईने बावखलाच्या काठाला भाजीपुरती अंबाडी लावली होती. बी तिने माहेराहून आणलेलं. अंबाडी वाढली की तिची पानं हाताच्या पंजासारखी होतात. आर्टवाला दादा ती बघून उड्याच मारायला लागला. "मावशी, ये तो सेम टू सेम आहे! गांजाची शेती आपण इथेच दाखवू." आई म्हणाली, "दाखवा की. शेंडे नका खुडू फक्त, भाजीला लागतेत."

तर ती अंबाडी गांजा म्हणून उभी राहिली. तिच्यात दोन गुंड बंदूक घेऊन चालले. आणि हे कुंपणाबाहेरून कुणीतरी मोबाइलवर घेतलं, गुंड वगळून. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावच्या फोनवर फिरलं: होळीत गांजाची शेती. त्याच दुपारी खरे पोलीस आले. एक साहेब आणि एक हवालदार. शूटिंगवाले नायगावला गेलेले, काकी देवळात. वाडीत मी, आई आणि काका. म्हणजे, काका क्षणापूर्वी होते.

साहेबांनी विचारलं, "मालक कुठे आहेत?"

"इथंच व्हते," आई म्हणाली. मग अंबाडीकडे बोट करून, "ह्याच्यासाठी आलात का? खाऊन बघा."

"मावशी, चेष्टा करू नका."

"चेष्टा कामून करू? तोंडात घाला पान. गांजा आंबट असतो का, साहेब?"

हवालदाराने पान तोडून चावलं आणि त्याचा चेहराच बदलला. "साहेब, अंबाडी आहे ही. आमच्याकडे भाकरीबरोबर करतात."

"कुठले तुम्ही?" आईने विचारलं.

"लातूर."

मग काय विचारता. तेलात लसूण किती घालायचा इथपासून ते कण्या घालायच्या की डाळ, इथपर्यंत बोलणं गेलं. साहेब घड्याळ बघत उभे. हवालदार जाताना एक जुडी घेऊन गेला. मालिकावाल्यांना कळवा, शूटिंगचा बोर्ड लावा, एवढं सांगून साहेबही गेले. चांगले होते दोघं.

काका आम्हाला मोटरच्या खोलीत सापडले. त्या खोलीत एक माणूस जेमतेम मावतो. चालू मोटरला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. आईने मोटर बंद केली. ती रागावली होती.

"गुन्हा तुमचा नाही, भाजी माझी, अन् लपता तुम्ही? लेकरागत?"

काकांनी आधी दाराबाहेर वाकून बघितलं. मग म्हणाले, "मला वाटलं त्याच्यासाठी आले."

त्या दिवशी आम्हाला मुलाचं कळलं. त्यांना एक मुलगा होता हे माहीत होतं. बाहेरगावी असतो, असं काकी सांगायच्या. तो कॉलेजात असताना वसईच्या किल्ल्याच्या बाजूला मित्रांबरोबर बसायला लागला आणि तिथे त्याला नशेच्या पुड्यांचा नाद लागला. आधी घरातल्या वस्तू जायला लागल्या. मग एक दिवस त्याने पाण्याची मोटर काढून विकली. ऐन उन्हाळ्यात. काकांनी त्याला चाफा न्यायला आलेल्या टेम्पोवाल्यांसमोर मारलं. तो निघून गेला. त्याच्या मित्राला पोलिसांनी धरलं होतं, म्हणून एक हवालदार एकदा घरी चौकशीला येऊन गेला. बस एवढंच. पुढे कुणी आलं नाही, पण काकांच्या मनात तो हवालदार अजून दारात उभा होता. मुलगा हरवल्याची तक्रार त्यांनी कधी दिलीच नाही. काकी रडून सांगायच्या, पोलिसांत नाव द्या. काका म्हणायचे, "नाव दिलं की ते शोधतील. शोधलं की आत टाकतील."

आईने मोटरवर हात ठेवला. मोटर अजून गरम होती. ती म्हणाली, "चला, मालक. च्या करते."

त्यानंतर काही दिवसांनी काका मला म्हणाले, "कॉलेज, नायगावला येतेस? त्यांचं पोलीस ठाणं बघायचंय." आई म्हणाली जा, एकटे गेले तर वाटेतूनच परत येतील. आम्ही बसने गेलो. खाडीच्या बाजूला, नव्या टॉवरांच्या मागे तो गाळा होता. बाहेरून पत्र्याचा, आत हुबेहूब पोलीस ठाणं. काकांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. मी म्हटलं, "काका, हे खोटं आहे." ते म्हणाले, "माहीत हाय," आणि तरी चपला बाहेरच ठेवल्या. आत एक नट हवालदाराच्या कपड्यात वडापाव खात होता. काकांनी त्याला सलाम केला. तो बिचारा तोंडात घास घेऊनच उठून उभा राहिला.

"बसा ना, काका. मी पालघरचाच आहे."

भिंतीवर एक मोठा फळा होता. त्यावर टोळीतल्या माणसांचे फोटो, एकमेकांना लाल दोऱ्याने जोडलेले. काका त्याच्यासमोर उभे राहिले ते हलेनात. आर्टवाला दादा हसत सांगायला लागला, "हे सगळे आपलेच आहेत हां. हा लाइटमन. हा चहावाला. आणि हा माझा मेव्हणा. लग्नात माझ्याशी भांडला, म्हणून त्याला मेन सप्लायर केला."

"ह्यांना लोक ओळखत नाय?" काकांनी विचारलं.

"ओळखतात ना! मेव्हण्याला तर सासरवाडीहून फोन आले. दोन सेकंद दिसला, तरी ओळखला."

काकांनी शर्टाच्या खिशातून चाफ्याची छोटी पिशवी काढली. तिच्यात फोटो होता. कुठल्यातरी हळदीतला, कापून लहान केलेला. विशीतला मुलगा, कपाळाला हळद, ओठ दाबून हसतोय. त्याच्या खांद्यावर कुणाचातरी हात होता. कापताना माणूस गेला होता, बोटं राहिली होती.

"एक जागा हाय?" काका म्हणाले.

मला काय करावं कळेना. मी त्यांना बाजूला घेतलं. "काका, हा गुन्हेगारांचा फळा आहे. लोकांना वाटेल तो खरंच ड्रग्ज विकतो."

"वाटू दे."

"त्यापेक्षा पोलिसांत तक्रार देऊ. मी येते तुमच्याबरोबर."

"खरे पोलीस शोधतील ते धरायला. हे नुसते शोधतात. मला शोधणारे पायजेत, कॉलेज. धरणारे नकोत."

"पण ह्यात फोन नंबर दाखवत नाहीत. कुणी ओळखलं तरी सांगणार कुणाला?"

"ओळखलं तर त्यालाच सांगतील ना, तू टीव्हीवर दिसलास म्हणून. त्याला कळेल मी शोधतोय."

मग त्यांनी स्वतःच दादासमोर फोटो धरला. 

दादा आधी हसला, मग काकांचा चेहरा बघून त्याने फळ्याजवळ स्टूल ओढलं. फळ्यावर जागा होती. पण काकांच्या अटी होत्या. खालच्या रांगेत मेलेल्यांच्या फोटोंवर लाल फुली होती, तिथे नको. पकडलेल्यांत नको. वर कोपऱ्यात "फरार" लिहिलेली एक चौकट होती, ती त्यांना पसंत पडली. "हे बरोबर हाय. फरारच हाय तो. खोटं काय नाय ह्यात." दादाने फोटो डकवताना विचारलं, "हा हात कुणाचा?" काका म्हणाले, "माझा." "मग तुम्हीपण गँगमध्ये आलात, काका," दादा म्हणाला. काका हसले नाहीत. "चालेल," म्हणाले.

तेवढ्यात मालिकेतली इन्स्पेक्टर बाई तिथे आली. डोक्याला रोलर लावलेले, खांद्यावर तीन तारे. काका तिच्यापुढे गेले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, ह्याच्याकडे बोट दाखवाल तेव्हा गोळी घाला असं नका म्हणू. नुसतं शोधा म्हणा."

तिने फोटोकडे बघितलं, काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.  ती म्हणाली, "काका, माझे संवाद दुसरे लिहितात. पण बघते हं."

तो भाग लागला त्या संध्याकाळी काकांनी अर्धी आळी घरी बोलावली होती. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं. काकींनाही नाही. मलाही त्यांनी शपथ घातली होती, त्यामुळे मी आईला चिकटून बसले होते. बाई फळ्यासमोर उभी राहिली, एकेका फोटोवर काठी ठेवत बोलत गेली आणि शेवटी वरच्या कोपऱ्यात गेली. चेहरा पडदाभर आला. "आणि हा," ती म्हणाली, "हा कुठेतरी आहे. याला शोधा. पण हात लावायचा नाही. मला हा धडधाकट हवाय."

त्या संध्याकाळी काका मोटर बघायला उठले नाहीत.

काकी उठल्या. टीव्हीपाशी जाऊन त्यांनी काचेवर हात ठेवला, पण तोपर्यंत साबणाची जाहिरात लागली होती. त्या वळल्या आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. ते मला पूर्ण कळलं. माझ्या पोराला तू चोरांत नेऊन लावलास, असं त्या म्हणाल्या. मग कितीतरी दिवस त्या काकांशी बोलल्या नाहीत. आईकरवी निरोप द्यायच्या. "तुझ्या मालकाला सांग, ताट वाढलंय." काका समोरच बसलेले असत. आई दमून म्हणायची, "मालक, ताट वाढलंय म्हणं."

गावाने सोडलं नाही. होळीच्या बाजारात भाजीवाल्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळे हाक मारायचे, "काय डॉनचे पप्पा, चाफा काय भाव?" काका पिशव्या मोजत म्हणायचे, "चाफ्याचा घे भाव. डॉन सापडला की डॉनचा सांगतो." पण घरी आले की फोन हातात. त्यांनी फोनही सोपटाच्या दोऱ्याने गळ्यात बांधला होता. पाणी सोडतानासुद्धा. अनोळखी नंबर आला की फावडं टाकून द्यायचे. बहुतेक वेळा कर्ज हवंय का म्हणून विचारणारी मुलगी असायची. तिलासुद्धा ते पूर्ण ऐकून घ्यायचे, न जाणो मधेच विषय बदलेल.

फोन आला नाही. मालिका संपली. शेवटच्या भागात बाईने सगळी टोळी धरली, मंत्र्याने तिला पदक दिलं. काका अस्वस्थ झाले. "एक राहिला," ते मला म्हणाले. "बघ ना, वरचा एक राहिलाच. कुणी विचारलंच नाय त्याचं. पदक कसं घेतलं बाईने?" दुसऱ्या दिवशी ते एकटेच नायगावला जाऊन आले. गाळ्यात फर्निचरवाला आला होता. फळा कुठे गेला ते त्याला माहीत नव्हतं.

पुढे पप्पांना नायगावच्याच एका नव्या टॉवरमध्ये नोकरी लागली, बरोबर राहायला खोली. आम्ही वाडी सोडली. निघताना काकांनी केळीचा घड दिला आणि म्हणाले, "तिथे वरून खाडी दिसते म्हणे. लांबपर्यंत दिसत असेल." मी हो म्हटलं. आम्ही तळमजल्यावर राहतो, हे सांगितलं नाही.

आई आणि काकी फोनवर बोलत राहिल्या. हा लेख मी इथेच थांबवणार होते. पण गेल्या काही आठवड्यांत एकेक बातमी येत गेली, आणि त्यामुळे शेवट करायचा राहिला.

पहिली बातमी अशी, की मुलाचा फोन आला. तो उंबरगावच्या पुढे एका रोपवाटिकेत कामाला होता. चाफ्याची कलमं बांधायचा. ते काम घरचंच. आधी तो कुठे कुठे फिरला, एका व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, आणि आता सगळं सोडलेलं होतं. तिथल्या मालकाच्या मुलीने जुनी मालिका मोबाइलवर बघितली आणि फळ्यावर त्याला ओळखून किंचाळली. मालकाने त्याला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. म्हणाला, तुझ्यावर काही नाही असं पोलिसांकडून लिहून आण, नाहीतर जा. मुलाने काकींच्या नंबरवर फोन केला तो भांडायला. फोन काकींनी घेतला, आवाज ऐकला आणि काही न बोलता काकांच्या हातात दिला. तिकडून जे काय येत होतं ते काका उभ्याने ऐकत होते. "हो. मीच दिला. हो, मीच." शेवटी म्हणाले, "थांब. कागद मी आणतो."

दुसरी बातमी ऐकून आई फोनवर ओरडलीच. काका पोलीस ठाण्यात गेले. खऱ्या. काकी बरोबर येते म्हणत होत्या, त्यांनाही नको म्हणाले. तिथल्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "बाबा, असा दाखला दुसऱ्याला देत नाहीत. ज्याचा त्याने अर्ज करायचा. तो स्वतः समोर लागेल."

काकांनी मुलाला फोन केला. "तुला यायला लागेल."

"हा तुझा डाव हाय," मुलगा म्हणाला.

"माझा नाय. सरकारचा हाय."

मुलाने फोन ठेवला. मग बरेच दिवस काही नाही. आई रोज विचारायची, काकी रोज नाही म्हणायच्या. मी परीक्षेचा अभ्यास करत होते, पण मन तिकडेच होतं. काका म्हणे रोज सकाळी वाडीचं काम उरकून ठाण्यातल्या बाकावर जाऊन बसायचे. हवालदाराने सांगितलं, मुलगा आला की कळवतो. काका म्हणाले, "तुम्हाला काम असतं."

काल आईचा फोन आला तेव्हा मी वाचनालयात होते, बाहेर जाऊन घेतला. मुलगा आला. घरी नाही, सरळ ठाण्यात. पाठीला बॅग, अंगाने भरलेला. काकांच्याच बाकावर बसला, पण टोकाला.  हवालदाराने त्याचा अर्ज बघितला, नाव, पत्ता, जन्मतारीख कॉम्प्युटरवर घातली आणि वाचून दाखवलं. गुन्हा नाही. कुणाची तक्रार नाही. कुठे वॉन्टेड नाही. हरवल्याची नोंदसुद्धा नाही.

"हरवल्याची पण नाय?" काकांनी विचारलं.

"नाही बाबा. काहीच नाही."

काका उठले, मुलाची बॅग उचलून स्वतःच्या खांद्याला लावली आणि त्याला म्हणाले, "ऐकलंस? तू हरवलाच नव्हतास. चल, आई थांबलीय."